अंगठी, राक्षस आणि गीत

विद्यार्थ्यांच्या वाचनाविषयी पालकांशी बोलण्याचा प्रसंग आला, म्हणजे एक तक्रार हटकून ऐकावयास मिळते. मुलगा पाठ्यपुस्तके बाजूस सारून जादूगारांच्या आणि राक्षसांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचीत बसतो. आणि वाचून कंटाळला, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीची विलायती रॉक गाणी कानांत घालून घेतो. एकात अर्थ नाही आणि दुसऱ्यात सूर नाही, असा निकाल देऊन पालक मोकळे होतात. मुलेही आपल्या परीने असाच एक निकाल देऊन बसलेली असतात. आजोबा रेडिओवर नाट्यपदे ऐकू लागले, की ही मंडळी दार लोटून घेतात. माझ्या मते हे दोन्ही निकाल पुरावा न तपासता दिलेले आहेत. त्या विलायती गाण्यांचा त्या कादंबऱ्यांशी फार जवळचा संबंध आहे. आणि आजोबांच्या नाट्यपदांचेही अद्भुतकथेशी तेच नाते आहे.

प्रथम विलायतेकडील हकीगत पाहू. ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजी भाषेचे अध्यापन करणारे प्राध्यापक टोल्किन यांनी 1937 साली ‘द हॉबिट’ आणि 1954-55 मध्ये तीन खंडांत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतकथा प्रसिद्ध केली. 1965 साली अमेरिकेत तिच्या स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्या निघाल्या आणि ती महाविद्यालयीन तरुणांच्या खिशाला परवडू लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तिच्यातील नावे गाण्यांत उमटू लागली. लेड झेपेलिन या इंग्रजी वाद्यवृंदाच्या 1969 सालच्या ‘रॅम्बल ऑन’ या गीतात टोल्किनच्या कथेतील मॉर्डॉर हा काळोखा मुलूख आणि गॉलम हे पात्र नावानिशी येते. त्यांच्याच 1971 सालच्या ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ मध्ये अंगठीचे गुलाम झालेले काळे स्वार येतात. कॅनडातील रश या वाद्यवृंदाने 1975 साली टोल्किनच्या एका रम्य स्थळाचे नाव देऊन ‘रिव्हेन्डेल’ हे अख्खे गीत रचले. टोल्किनच्याही आधीच्या पुस्तकांना हा मान मिळाला आहे. पिंक फ्लॉइड या वृंदाच्या 1967 सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘द विंड इन द विलोज’ या 1908 सालच्या बालकादंबरीतील सातव्या प्रकरणाच्या शीर्षकावरून घेतलेले आहे. त्याच वर्षी जेफर्सन एअरप्लेन या अमेरिकन वृंदातील गायिका ग्रेस स्लिक हिचे ‘व्हाइट रॅबिट’ हे गीत गाजले, ते सर्वस्वी लुई कॅरॉलच्या ‘ॲलिस’वर उभे आहे. विजेवर वाजणारी गिटार आणि कर्कश वाटणारे ढोल यांच्याआड अशी वाचणारी माणसे दडलेली होती, हे आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक नसते.

आता आपल्या अंगणात येऊ. पुराणकथांना मी येथे अद्भुतकथा म्हणतो, यामुळे श्रद्धाळू वाचकांनी रागावू नये. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे रस सांगितले, त्यांत अद्भुत हा एक रस आहे; त्याच अर्थाने मी हा शब्द योजीत आहे.

1842 साली उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचा एक संच सांगलीस आला. देव, राक्षस, युद्धे, भागवताने गायिलेली पदे, असे त्यांच्या खेळांचे स्वरूप होते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना वाटले, की असे काही मराठीत व्हावे. त्यांच्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि राक्षस आरडाओरडा करीत प्रवेश करीत. पुढील काळातील सुशिक्षितांनी त्या आरोळ्यांची पुष्कळ थट्टा केली. तथापि, मराठी रंगभूमीवरील गाण्याचा पाळणा याच राक्षसांच्या गोंगाटात हालला, आणि त्या पाळण्याची एक दोरी कानडी होती, हे सीमाभागात राहणाऱ्या आपणांस विसरून चालणार नाही.

त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. त्यांनी बेळगावात काही काळ शिक्षकाचे काम केले आणि तेथेच एक नाटकमंडळीही उभारली. पुढे पुण्यात त्यांनी एका पारशी नाटक कंपनीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला आणि त्यावरून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे सांगतात. ही ‘इंद्रसभा’ म्हणजे लखनौच्या अमानत कवीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रचलेली एक परीकथाच आहे. इंद्राच्या दरबारातील परी मानवी राजपुत्रावर भाळते आणि सगळी कथा गाण्यांतून पुढे सरकते. म्हणजे ज्या संगीत नाटकाचा आपण एवढा अभिमान बाळगतो, त्याची ठिणगी एका परीच्या गोष्टीतून पडली! 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ आणि 1882 साली ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. त्यांतील पदांना अण्णासाहेबांनी कीर्तनातल्या, लावणीतल्या आणि कानडी चाली दिल्या. जे कानांवर लहानपणापासून पडले होते, ते त्यांनी टाकून दिले नाही.

शाकुंतलातील अंगठी घ्या. महाभारतातील मूळ आख्यानात अंगठीही नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. तेथील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही न ओळखल्यासारखे करतो. शाप आणि अंगठी कालिदासाच्या नाटकात येतात. त्याने हा चमत्कार कशासाठी आणला असेल? राजाचे पाप झाकण्यासाठी, असे काही टीकाकार म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्या चमत्कारामुळे पाचव्या अंकात जो प्रसंग उभा राहतो, तो अन्य कशानेही उभा राहिला नसता. दोन प्रामाणिक माणसे समोरासमोर उभी आहेत, दोघेही खरे बोलत आहेत आणि तरीही दोघांमधली ओळख पुसली गेली आहे. खोटे बोलणाऱ्या राजाचा फार तर राग येईल. विसरलेल्या राजापुढे उभ्या असलेल्या शकुंतलेचे दुःख मात्र कोणावर रागवावे हेच कळू देत नाही. अशा ठिकाणी बोलणे अपुरे पडते आणि गाणे लागते.

ही अंगठी शकुंतलेच्या बोटातून तीर्थाच्या पाण्यात पडते, रोहित माशाच्या पोटात जाते, एका कोळ्याच्या हाती लागते आणि राजाकडे पोहोचताच त्याला सारे स्मरते. टोल्किनची अंगठीही नदीच्या तळाशी पडलेली असते. मासे धरावयास बसलेल्या एकाला मोठा मासा पाण्यात ओढून नेतो आणि तेथे ती त्याच्या हाती येते. तिच्या मोहाने त्याचा सोबतीच त्याचा गळा दाबतो. तोच पुढे गॉलम होतो, लेड झेपेलिनच्या गाण्यात ज्याचे नाव आहे तो. एकीकडे मासा आणि अंगठी मिळून हरवलेले स्मरण परत देतात. दुसरीकडे मासा आणि अंगठी मिळून माणसाला स्वतःचे नावही विसरावयास लावतात. टोल्किनने कालिदासावरून हे घेतले असा माझा दावा मुळीच नाही. पाण्यात पडलेली अंगठी ही देशोदेशींच्या कथांत सापडते. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की ज्या विद्यार्थ्याने गॉलमची गोष्ट जीव ओतून वाचली आहे, त्याला शाकुंतलाचा सहावा अंक परका वाटण्याचे कारण नाही. आणि ज्या आजोबांना शाकुंतल पाठ आहे, त्यांना नातवाचे पुस्तक पोरकट वाटण्याचे तर मुळीच नाही.

परंतु अद्भुतकथेचा आधार घेतलेले प्रत्येक गीत चांगले, असे मी म्हणणार नाही. ‘रॅम्बल ऑन’ चेच पाहा. मॉर्डॉरच्या खोल काळोखात गायकाला एक सुंदर मुलगी भेटते आणि गॉलम तिला घेऊन निसटतो, असे त्यात सांगितले आहे. टोल्किनच्या ग्रंथात अशी मुलगी कोठेही नाही, आणि गॉलमला अंगठीखेरीज जगात कशाचीच हाव नाही. गीतकार रॉबर्ट प्लँट याने मूळ कथेत फेरफार केला, हा माझा आक्षेप नव्हे. फेरफार कालिदासाने केला, किर्लोस्करांनीही केला. महाभारतात अर्जुन रैवतक पर्वतावरील उत्सवाच्या वेळी सुभद्रेचे रथातून हरण करतो. ‘सौभद्रा’त मात्र कृष्णाच्या योजनेनुसार घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून, अर्जुन ज्या अरण्यात फिरत आहे तेथे आणून ठेवतो. मूळ आदिपर्वात या प्रसंगी घटोत्कच शोधूनही सापडावयाचा नाही. मग फरक कोठे आहे? प्लँटच्या त्या गीतातील मॉर्डॉर काढून तेथे दुसरे एखादे भयंकर नाव घातले, तर गीताचे काही बिघडत नाही. प्रवासास निघालेल्या प्रियकराचे ते गोड गीत आहे आणि तसेच राहील. नावे तेथे दागिन्यांसारखी घातलेली आहेत. ‘सौभद्रा’तून घटोत्कच काढला, तर नाटकच कोसळते. थोरला भाऊ बलराम याने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी परस्पर ठरविले आहे, तिचे मन कोणी विचारीत नाही; जे घरातील वडीलधाऱ्यांना करवत नाही, ते अखेर एका राक्षसाला करावे लागते. 1882 सालच्या प्रेक्षकांत बसलेल्या किती स्त्रियांना ती कोंडी आपली वाटली असेल! राक्षसाचे सोंग पाहून हसता हसता त्यांनी सुभद्रेची पदे मात्र घरी नेली असतील, असे मला वाटते.

‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ त्या मानाने अधिक सकस आहे. त्यात मँडोलिनच्या साथीवर दोन आवाज आहेत. प्लँट कथा सांगतो आणि सँडी डेनी ही गायिका गावात दवंडी देणाऱ्यासारखी लोकांना हाक घालते. ते ऐकताना मला आपला सूत्रधार आठवतो. ‘व्हाइट रॅबिट’ तर या दृष्टीने फार जमलेले गीत आहे. लष्करी संचलनासारख्या ठेक्यावर ते हळूहळू चढत जाते. काही खाल्ले की उंच व्हावयाचे, काही प्याले की ठेंगणे व्हावयाचे, अशा जगात सापडलेल्या ॲलिसची कोंडी हीच त्या पिढीची कोंडी म्हणून त्यात येते. त्यात अमली पदार्थांकडेही इशारा आहे, आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळातील पुष्कळ गुणी गायक-वादक त्याच वाटेने अकाली गेले. मुलांनी गीत ऐकताना तेही जाणून ऐकावे. परंतु लहानपणी मुलांना असल्या कथा स्वतःच वाचून दाखवावयाच्या आणि मोठेपणी मुले अशी का वागतात म्हणून डोळे विस्फारावयाचे, हा जो टोमणा त्या गीताने वडीलधाऱ्यांना मारला, तो मात्र अगदीच अनाठायी नव्हता.

हे सर्व नाटकघरातले आणि ध्वनिमुद्रिकांवरचे झाले. आपल्या भागात अद्भुतकथा आणि गीत यांची गाठ नाटकघराबाहेरही बांधलेली आहे. बेळगाव जिल्ह्यातील कुलगोड गावच्या तम्मण्णांनी ज्याला रूप दिले, ते कानडी ‘श्रीकृष्ण पारिजात’ उघड्या मैदानात रात्रभर चाले. स्वर्गातले एक फूल नारद घेऊन येतो, ते रुक्मिणीस मिळते आणि सत्यभामेच्या घरात वादळ उठते. फूल स्वर्गातले असले, तरी भांडण कोणत्याही वाड्यात ऐकू येणारे आहे. कौजलगीच्या निंगम्मांनी या खेळात मोठे नाव मिळविले. आणि निपाणी-चिकोडीकडील कित्येक मराठी घरांत श्रावणात जी ‘नवनाथ भक्तिसार’ पोथी लावतात, ती धुंडीसुत मालू यांनी 1819 साली पूर्ण केली. तिच्यातील एक प्रसंग तर या सबंध विषयाचा गाभाच म्हणावा लागेल. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमून गेले आहेत, स्वतःचे मूळ रूप विसरले आहेत. शिष्य गोरक्षनाथ वेष पालटून एका नर्तकीच्या ताफ्यात शिरतो आणि दरबारात मृदंग वाजवू लागतो. तो बोलून काहीच सांगत नाही. मृदंगाच्या बोलांतूनच हाक उमटते आणि गुरू दचकून जागे होतात. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 1932 साली या कथेवर ‘मायामच्छिंद्र’ हा बोलपट काढला. त्यात मच्छिंद्रनाथांची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली आणि संगीतही त्यांनीच दिले.

मृदंगाची ती हाक दरबारातील इतरांनीही ऐकली होती. त्यांना तो केवळ ठेका वाटला, कारण त्यांना मच्छिंद्रनाथांची आधीची गोष्ट ठाऊक नव्हती. आज नेमके हेच आपल्या घराघरांत घडते आहे, आणि मला काळजी वाटते ती याची. अद्भुतकथेवर उभे असलेले गीत सारे काही उलगडून सांगत नाही. ते एखादे नाव उच्चारते आणि उरलेले ऐकणाऱ्यावर सोपविते. 1969 साली एका इंग्रज गायकाने मॉर्डॉर एवढे म्हटले आणि हजारो तरुणांच्या डोळ्यांपुढे तो काळोख उभा राहिला, कारण त्यांनी पुस्तक वाचलेले होते. किर्लोस्करांच्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांना अक्षरओळखही नसेल, परंतु दुर्वास कोण आणि घटोत्कच कोणाचा मुलगा, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. कीर्तनकार, पोथी आणि आजी यांनी ते काम आधीच करून ठेवलेले होते.

आज आजी निराळ्या गावी, नातू निराळ्या गावी. कीर्तनास मुले जात नाहीत आणि पोथीची भाषा त्यांना कळत नाही. म्हणून दार लोटून घेणाऱ्या मुलांनाच मी सर्वस्वी दोष देणार नाही. नाट्यपदांच्या बैठकीत माना डोलविणाऱ्या मोठ्यांचे तरी काय आहे? पद नाटकातून सुटून मैफलीत आले, वन्स मोअरवर वन्स मोअर होऊन तानांनी लांबत गेले, आणि सुभद्रा हे कोणत्या घडीला, कोणत्या भीतीने म्हणते आहे, हे विचारण्याची सवय आपणच मोडून घेतली. सूर राहिला, सुभद्रा गेली. मग मुलांना त्यात केवळ आळवणी ऐकू आली, तर त्यांचे काय चुकले? इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी भावंडे मॉर्डॉर जाणतात आणि स्त्रीराज्य जाणत नाहीत. मराठी शाळेत शिकणारी कित्येक मुले दोन्हीही जाणत नाहीत. दुसऱ्या प्रकारची गरिबी मला अधिक वाईट वाटते. तिच्यावर उपाय मात्र स्वस्त आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास आरंभ केलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टी, नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणि शाकुंतल-सौभद्राच्या संहिता ही काही दुर्मिळ पुस्तके नव्हेत. जुन्या वाचनालयांत मागितली, तर बहुधा मिळतील. मागणारे हवेत.

आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी नाट्यपदे होतात आणि अलीकडे वरच्या वर्गांतील मुले गिटारवर इंग्रजी गाणीही म्हणतात. व्यवस्थापक मंडळींस माझी एक सूचना आहे. गाण्यापूर्वी पाच मिनिटे कोणा एका विद्यार्थ्याने त्या गीतामागची गोष्ट सांगावी. सूत्रधाराचे काम पूर्वी तेच होते. ‘सौभद्रा’तील पद असेल, तर घटोत्कच सांगावयास पाचवीतील मुलांची रीघ लागेल, अशी माझी खात्री आहे. ‘रॅम्बल ऑन’ म्हणावयाचे असेल, तर दहावीतील कोणीही चालेल. मात्र त्याने गॉलमने खरोखर काय पळविले होते, ते ग्रंथात नीट पाहून यावे, कारण पहिल्या रांगेत बसलेले आजोबा त्याला विचारल्याशिवाय राहणार नाहीत.